शांताला काय म्हणायचंय

शांते, मी दुधनी सोडली त्या सकाळचा किस्सा तू अजून लग्नकार्यात सांगतेस. आज तो मीच लिहून टाकते, म्हणजे तुला त्यात आणखी काही घालता येणार नाही. प्लॅटफॉर्मवर सगळे रडायच्या तयारीत उभे. आपल्या अव्वानं पदर आधीच तोंडाशी नेलेला. आणि मी, एकोणीस वर्षांची नवी नवरी, नवऱ्याच्या खिशातला काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवलेला. सोलापूरच्या बायका अशाच हिंडतात अशी माझी पक्की समजूत होती. गाडी आली, मी ऐटीत पाऊल टाकलं आणि शेंगा विकणाऱ्या बाईच्या पाटीत सरळ जाऊन बसले. ती बाई कानडीत जे बोलली ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. अव्वा रडायची ती हसायला लागली. अप्पा तेवढे हसले नाहीत. खिडकीशी येऊन म्हणाले, "पोरी, तितं जाऊन लई शानपना करू नको." तू चौदा वर्षांची, अव्वाचा हात धरून उभी होतीस, आणि गाडी हलली तरी दात काढतच होतीस.

ते हसणं मी कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलं, तुला ऐकवलंही. हिला बहीण गेल्याचं काहीच नाही, असं वाटायचं.

आता मुद्द्याचं. तुझे यजमान गेले त्याला वर्ष झालं. तुझा मुलगा बसू तुला पुण्याला न्यायचं म्हणतो, त्याच्या पोरांच्या शाळा उघडायच्या आत. आणि तू दर रविवारी फोनवर मला एकच विचारतेस, "अक्का, आता तुजं काय ऱ्हायलंय तितं? ये की हितं ऱ्हायला." मी दर रविवारी म्हणते, "बघू." हे 'बघू' मला सोलापूरनं शिकवलं. दुधनीत माणूस व्हय म्हणतो नाहीतर न्हाय म्हणतो, विषय संपतो. फोन ठेवला की मला एका जागी बसवत नाही. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. फ्रिज उघडते, बंद करते. सून विचारते, "आई, काही हरवलंय का?" काय सांगू तिला? या वयात कुठे राहायचं हे ठरत नाही म्हणून फ्रिज उघडते, असं?

येऊ म्हटलं की इथलं सगळं हात धरतं. खरं तर सुरुवातीला इथे धरण्यासारखं काहीच नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागे पत्र्याची एक खोली, आणि दिवसभर मागांचा खडखडाट. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मी घरी टॉवेलच्या कडा शिवायला बसायची. सुताचे तंतू केसात, पोळीत, पाण्याच्या घागरीत. आणि ती घागर तरी भरलेली कुठे असायची? नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आलं की सगळी चाळ नळावर. शेजारच्या बायका तेलुगू बोलायच्या. मला मराठी आणि कानडी यायचं, पण नळावर दोन्ही उपयोगाचं नाही. चार महिन्यांत मी तेलुगू शिकले, ती फक्त भांडण्यापुरती. प्रेमानं बोलायची तेलुगू शिकायला पुढे दहा वर्षं लागली, कारण तोवर त्याच बायका माझ्या बाळंतपणाला धावून आल्या होत्या.

पण मी तुम्हाला पत्रात काय लिहायची? नळाला चोवीस तास पाणी आहे. रविवारी सिनेमा बघतो. शेजारी सगळे मला वहिनीसाहेब म्हणतात. वहिनीसाहेब! त्या बायका मला जे म्हणायच्या त्याचा अर्थ मला भाषा शिकल्यावर कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं. सिनेमा मी पहिल्या वर्षात एकदाच पाहिला, आणि त्यातही मध्यंतरात झोप लागली.

तर अशी ही मी, फेकू बाई, आज आजी होऊन बसले आहे आणि माझी नात नववीत आहे. मुक्ता. तिच्या शाळेतून तिची आणि आणखी एकीची 'लीडरशिप अँड डिबेट कॅम्प'साठी निवड झाली. इथल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये, पाच दिवस, सकाळी नऊ ते चार. आमच्या वेळी लीडर म्हणजे वर्गात बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी मॉनिटर, आणि डिबेट म्हणजे नळावरचं भांडण. हे मी म्हटलं तर मुक्ता म्हणाली, "आजी, मग तू सिनिअर आहेस. चौथ्या दिवशी आजी-आजोबांना बोलावलंय. तू माझ्यासमोर बोलायचं."

गेले. नवं पातळ नेसून गेले, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये पार लांबच्या वैरागपासून आलेली पोरं होती. काही माझ्यासारखीच 'हाय-न्हाय' बोलणारी, पण मान ताठ ठेवून बोलणारी. मला ते बघून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. मला का नाही जमलं तेव्हा? मी तर सोलापुरात उतरल्या उतरल्या 'न्हाय' गिळून 'नाही' म्हणायला लागले होते.

चिठ्ठी उचलायची आणि त्यावर बोलायचं. आमच्या वाट्याला विषय आला, 'म्हातारपणी माणसानं आपल्या गावी परत जावं.' शांते, हा विषय कुठल्या मास्तरणीनं आपला फोन चोरून ऐकून काढला की काय! मला बाजूनं बोलायचं होतं, मुक्ताला विरोधात.

मी शाळेत शिकवलेलं जसंच्या तसं सुरू केलं, "माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो." पुढच्या रांगेत माझ्याहून म्हातारे तीन बालमित्र बसले होते, त्यातला एक जागा झाला. मग मी हात हलवत दुधनी उभी केली. ज्वारीची शेतं, कानडी-मराठी मिसळून बोलणारा बाजार, अव्वाच्या हातची शेंगाचटणी. शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, "तिथे माझी धाकटी बहीण एकटी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे." आणि पदराला डोळे पुसले. टाळ्या. मी जिंकल्यासारखी बसले.

पण त्या कॅम्पचा एक नियम होता. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो 'बरोबर' म्हणाला तरच पुढे बोलायचं. मुक्तानं माझं म्हणणं एका वाक्यात सांगितलं, "आजींचं म्हणणं, गावी कुणीतरी आपली वाट बघतं म्हणून परत जावं. बरोबर?" बरोबर होतं. मग ती विरोधात काहीतरी बोलली. गावात राहिलेल्यांनी कायम वाटच बघत बसायचं हे कुणी ठरवलं, असं काहीतरी. मी नीट ऐकलं नाही, मी पुढच्या टाळीचं वाक्य जुळवत होते.

आता पाळी माझी. तिचं म्हणणं सांगायचं.

"तुझं म्हणणं, आजीनं इथंच राहून तुझा डबा भरावा." हॉल हसला. मुक्ता म्हणाली, "नाही."

"तुझं म्हणणं, गावाला नेट नसतं."

"नाही, आजी."

"मग गावी डॉक्टर नसतो, हे."

"मी हे बोललेच नाही."

घंटी वाजली. या फेरीत शून्य गुण. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, भाषण मात्र झकास होतं." झकास म्हणे.

रिक्षात मी तोंड फुगवून बसले. मुक्ता म्हणाली, "मी बोलत होते तेव्हा तुझे ओठ हलत होते. तू मनातल्या मनात पुढचं भाषण करत होतीस. शांताआजीशी फोनवर बोलताना पण तुझे असेच हलतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुला फोन केला. तुला आठवत असेलच, पण मला ते लिहून ठेवायचंय.

"काय झालं अक्का? आज रविवार न्हाय की."

"काही नाही. तुझं म्हणणं मी सांगते. चुकलं तर 'न्हाय' म्हण."

"कसलं म्हननं?"

"तुला एकटीला करमत नाही, म्हणून मी यावं."

"न्हाय."

"तुला पुण्याला जायचं नाही. सुनेच्या हाताखाली राहायचं नाही."

"न्हाय ग. सून चांगली हाय माजी."

"मग माझे आता थोडे दिवस राहिलेत, ते गावात जावेत."

"तुजे कुटले थोडे? तू शंबर करतीस आनि आमाला खांदा देतीस."

 मग मात्र मी ओठ दाताखाली धरून ठेवले. तेव्हा तू म्हणालीस, "अक्का, मला जायाचंय. लई दिसापासनं जायाचंय. पर अव्वा-अप्पाच्या घराला कुलूप लावाया हात धजत न्हाय. तू आलीस तर मी सुटते."

मी खुर्चीत बसले. तू बोलतच होतीस. "तू गेलीस तवा मी हसत हुते म्हनतीस न्हवं? मी तुज्याकडं बघतच नव्हते. डब्याकडं बघत हुते. आत बसल्यावर कसं वाटत आसंल, म्हनून. मग तुजी पत्रं यायची. नळाला पानी, शिनेमा. अव्वाला वाचून दावायची आनि अभ्र्यात ठिवायची."

आपल्याला भाऊ नाही. मी गेले म्हणून तुझ्यासाठी घरजावई शोधला, अव्वा-अप्पांना शेवटपर्यंत तू सांभाळलंस. हे मला माहीत होतं, पण मी त्याला 'शांताला गाव आवडतं' असं नाव देऊन टाकलं होतं. सोयीचं नाव होतं. आणि आता मी दर रविवारी 'बघू' म्हणून तुझी गाडी अडवून धरली होती, वर तुझ्याच एकटेपणावर टाळ्या घेऊन आले होते.

तर आता माझं ऐक, आणि रागव खुशाल. ती पत्रं खोटी होती. सगळी. अजून एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझे दाजी होते तोवर त्यांनाही नाही. सोलापुरात तिसऱ्या महिन्यात मी ट्रंक भरली आणि ते कारखान्यात असताना स्टेशनवर गेले. तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचले. दुधनी म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर अख्खी गल्ली आली, हसणारी. काय तोंडानं जाऊ? वहिनीसाहेब परत आल्या? मागचा माणूस ओरडला, "अहो बाई, घ्यायचंय का न्हाय?" मी बाजूला झाले, ट्रंक उचलली आणि परत येऊन टॉवेल शिवायला बसले. पुढे इथे रुजले, पोरं झाली, नातवंडं झाली, आता सोलापूर सोडायचं म्हटलं तर पाय निघत नाही. पण मी इथे राहिले ती आवडलं म्हणून नव्हे. परत जायची लाज वाटली म्हणून राहिले, आणि आवडायला लागलं ते नंतर.

मुक्ताला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू दोन्ही बाजूंनी बरोबर बोलू शकतेस." मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी खोटंही बोलू शकते, कुटुंबात माझा हात धरणारं कुणी नाही.

म्हणून असं ठरवलंय. सोमवारी मी दुधनीला येते. चार दिवस दोघी राहू, पाणी कुठे भरायचं, किल्ल्या कुठे असतात ते दाखव, मग तू बसूबरोबर जा. घराला कुलूप लागणार नाही. दिवाळीपर्यंत मी तिथे आहे. मला तिथे चैन पडेल का, माहीत नाही. बहुतेक फ्रिजऐवजी मागचं दार उघडत-झाकत बसेन. सून म्हणते पंधरा दिवसांत पळून याल. बघू.

पुणं मोठं आहे, शांते. आवडलं तर राहा, तुला कुणाला विचारायची गरज नाही. नाही आवडलं तर सिनेमाबिनेमा काही लिहू नकोस, सरळ परत ये. अगदी महिन्याभरात आलीस तरी चालेल. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगेन, मीच बोलावून घेतलं, मला एकटीला करमत नव्हतं. आणि त्यात फारसं खोटंही नसेल.