उलटा चालणारा जॉबर

मागांच्या शेडमध्ये जो तोंडाने बोलतो तो एक तर नवा असतो, नाहीतर मालकाचा पाहुणा. साठ माग एकदम चालू असले की कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, तिथे माणसाच्या घशाची काय कथा! म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. सूत संपलं, धोटा अडकला, पोटात कळ येतेय, सासू गेली की अजून आहेच, सगळं हातांनी. प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं. थोरल्या मालकांचं नाव होतं पोटावरून गोल फिरवलेला हात, आणि ते स्वतःही हसत हसत तोच हात फिरवून आपली ओळख सांगायचे. जॉबरचं नाव होतं पालथा तळहात.

जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. एकतीस वर्षं त्या एकाच शेडमध्ये काढलेली. कान अर्धेअधिक गेले होते, पण मागाच्या लोखंडावर तळहात टेकवला की कुठला बोल्ट सैल झालाय ते त्यांना बरोबर कळायचं. "मला ताप भरला तर कपाळाला हात लावून सांगता येत नाही," बायको म्हणायची, "आणि त्या मागाचं पोट दुखलेलं मात्र समजतं!"

हातांच्या बोलीत 'हो' म्हणायचं तर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं, तुटलेल्या धाग्याला गाठ मारतात तसं. गाठ घातली की शब्द दिला. तो कुणी मोडल्याचं जॉबरना आठवत नव्हतं.

मग ती निवडणूक आली. कोण जिंकलं ते सोडा, जिंकणारेही आता विसरले असतील. शेड मात्र उभी फाटली. मधल्या वाटेच्या अलीकडे खिडकीकडचे, पलीकडे भिंतीकडचे. आधी तोंडाला तोंड लागलं, मग एकदा धोटा फेकून मारण्यापर्यंत गेलं. तोवर थोरले मालक वारले होते. धाकटे मालक वरच्या काचेच्या खोलीत बसत आणि हातांची बोली त्यांना ओ की ठो येत नसे. त्यांनी दारावर पाटी ठोकली, 'कामाच्या जागी राजकारण बंद'. भांडण मिटलं असं त्यांना वाटलं. खरं तर बोलणंच मिटलं होतं.

जॉबरच्या अंगावर पहिला काटा आला तो चहाच्या सुट्टीत. माग थांबलेले. त्यांच्या त्या बहिऱ्या कानांनाही कोपऱ्यातला नळ गळताना ऐकू येत होता. साठ माणसं बसलेली, सगळ्यांचे ओठ हलतायत, आणि आवाज नाही. पलीकडच्यांना कळू नये म्हणून दोन्हीकडच्यांनी घसाच वापरायचा सोडला होता. पुढे पुढे हातही खाली आले. छातीसमोर मोकळेपणी फिरणारे हात आता कमरेशी, मागाच्या आडोशाला चोरासारखे हलायचे.

त्यानंतर नजर गेली. एकदा भिंतीकडचा एक म्हातारा विणकर भोवळ येऊन मधल्या वाटेवर आडवा झाला. खिडकीकडची कांड्या भरणारी मावशी टोपली घेऊन येत होती. ती त्याला ओलांडून सरळ पुढे गेली. जॉबर धावले, म्हाताऱ्याला उठवलं, आणि मग तिला जाब विचारायला वळले. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आकस नव्हता. तिथे माणूस पडलाय हे तिला दिसलंच नव्हतं. हीच मावशी वीस वर्षं त्या म्हाताऱ्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायची.

जॉबरचं बाकडं खिडकीपाशी, म्हणून लोकांनी त्यांना खिडकीकडच्यांत धरलं होतं. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की मागाला मत नसतं. पण विचारतो कोण? त्यांचा जावई भिंतीकडच्या शेवटच्या रांगेत होता. दोघं राहायला एकाच गल्लीत, कामाला निघायची वेळही एक, पण सासरा रस्त्याच्या या कडेने आणि जावई त्या कडेने चालायचा. लेक दारात उभी राहून दोघांनाही डबे द्यायची. तिचा सातवा महिना होता.

अशात मंदी आली. धाकट्या मालकांनी जॉबरना वर बोलावलं.

"सूत महागलंय, कापड पडून आहे," ते म्हणाले. "बारा माग बंद करावे लागतील. शेवटची रांग."

"त्या रांगेत माझा जावई आहे, म्हणून बोलतोय असं समजा हवं तर," जॉबर म्हणाले. "पण बाराजणांच्या पोटावर पाय आणण्यापेक्षा सगळ्यांनीच आठवड्याचा एक दिवस सोडला तर?"

धाकट्या मालकांनी हिशेबाची वही उघडली आणि पुन्हा मिटली. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. भ्यालेला होता.

"चालेल. पण एकमुखाने हवं. एक जरी गप्प राहिला, तरी उद्या मलाच म्हणतील की त्यांच्यासाठी आमचा दिवस कापला. आजच्या सुट्टीत विचारा. मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

सुट्टीत माग थांबले. जॉबर मधल्या वाटेवर उभे राहिले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्या शेडसमोर तोंडाने बोलले. आवाज गंजलेला निघाला. सगळं सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुणी हलत नाहीये. कारणही त्यांना माहीत होतं. जॉबर मालकांना कोण कुठल्या बाजूचा त्याची यादी देतात, अशी कुजबुज महिनाभर चालली होती. माणसं त्यांच्या डोळ्यांना भीत होती.

"हे बघा," ते म्हणाले, "मी पाठ करून उभा राहतो. कोण हो म्हणतं आणि कोण नाही, मला बघायचंच नाही. नुसता आवाज द्या."

आणि त्यांनी पाठ केली. तोंड काचेच्या खोलीकडे, हात सवयीने शेजारच्या मागावर. वर काचेमागे धाकटे मालक उभे होते. शेडमध्ये चिटपाखरूसुद्धा नसावं अशी शांतता होती. बंद मागाचं लोखंड तळहाताखाली बारीक थरथरत होतं. जॉबरना वाटलं, आपलीच नाडी असेल. ते थांबले. नळ गळत राहिला. कुणीतरी खोकलं. मग काचेमागे मालकांनी मान हलवली आणि पडदा ओढला.

संध्याकाळी बाराजणांच्या हातात कागद पडले.

लेक दिवेलागणीला आली. चप्पलही काढली नाही.

"बाबा, हे हो म्हणाले होते."

"कोण?"

"कोण काय, तुमचे जावई! त्यांच्या बाजूचे झाडून सगळे. असं केलं होतं त्यांनी." तिने पोटाखाली, पदराच्या आत, बोटावर अंगठा घासून दाखवला. "पलीकडच्यांना दिसू नये म्हणून खाली. तुम्हाला दिसावं म्हणूनच केलं, आणि तुम्ही पाठ फिरवलीत?"



सकाळी जॉबरनी मावशीला गाठलं. "आम्हीही घातली होती की गाठ," ती म्हणाली. "खिडकीकडच्या एकूणएकांनी. का? त्यांनी पण?" आणि किती दिवसांनी तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

जॉबर जिना चढून वर गेले. धाकटे मालक म्हणाले, "मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. एकाचंही तोंड हललं नाही."

"हात हलले, मालक. साठही."

"हात?"

"थोरले असते तर त्यांनी खाली वाकून बघितलं असतं. त्यांचं सोडा. मला तर ही बोली येते, आणि मीच पाठ केली."

मालकांचा चेहरा पडला, पण ते काही करू शकले नाहीत. बारा मागांचा सौदा झाला होता, आणि ते न्यायला गाडी दारात लागली होती.

जावई लेकीला घेऊन दुसऱ्या गावी गेला. निघताना जॉबर फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी जावयाचं हाताचं नाव केलं, कपाळावरचे केस मागे सारल्यासारखं. त्याने पाहिलं आणि पाठ फिरवली. डोळे भरले होते ते दिसू नयेत म्हणून, असं लेक म्हणाली. खरं खोटं तीच जाणे.

शेडमध्ये आता अठ्ठेचाळीस माग आहेत. पलीकडे जमिनीत बोल्टांची भोकं आणि तेलाचे बारा डाग. जॉबर मधल्या वाटेने जातात तेव्हा कुणी मान वर करत नाही. धाग्यावरची नजर धाग्यावरच, पण कमरेशी हात हलतो. एकाचा, मग पुढच्याचा, अलीकडचा, पलीकडचा. अंगठा बोटावर. हो. हो. हो. कशाला हो, ते आता कुणी विचारत नाही आणि कुणी थांबतही नाही.

आणि संध्याकाळी घरी जाताना जॉबर उलटे चालतात. तोंड शेडकडे, पाठ दाराकडे, एकेक पाऊल मागे टाकत, दोन्हीकडच्या हातांवरून नजर न काढता. नव्या माणसाला हसू येतं. जुनी माणसं हसत नाहीत, वाटेत काही पडलेलं असलं तर उचलून घेतात.