नको असलेला आवाज

रंभाची थोरली बहीण कमळाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन विधी पार पाडायचा मान तिचा. कमळा ओळ सोडायची आणि रंभा ती झेलायची. पनवेलच्या खाडीकाठी असा मांडव क्वचितच असेल, जिथे या दोघींचे गळे बसले नाहीत. पुढे गाव विमानतळात गेलं, मांडवात डीजे आले आणि एका पावसाळ्यात कमळाही गेली. ओळ सोडणारीच उरली नाही, तशी रंभाने गाणं बंद केलं. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, मुलाकडे राहायला आल्यावर तर शेजाऱ्यांना ती गात होती हेही ठाऊक नव्हतं.

त्या फ्लॅटवर एक दिवस प्राची आली. ती खारघरच्या एका लोककला संग्रहालयात कामाला होती. संग्रहालयाकडे कमळाबाईच्या धवळ्यांची जुनी टेप होती. आता तिथे एआय आणायचं ठरलं होतं. एआयमधले इंग्रजी शब्द साध्या मराठीत मांडायचे आणि ज्यांचे आवाज संग्रहात आहेत त्यांच्या घरच्यांना समजावून परवानगी घ्यायची, हे प्राचीचं काम. कमळाला मूलबाळ नव्हतं, म्हणून ती रंभाकडे आली होती.

"मावशी, मशीनला टेप ऐकवायची, याला ट्रेनिंग म्हणतात. ऐकून ऐकून ती आवाजाची ढब उचलते. मग त्या आवाजात नवीन काहीही म्हणू शकते."

"कमळीच्या आवाजात?"

"हो."

रंभाने हळूच विचारलं, "मना हाक मारील?"

"मारेल," प्राची म्हणाली. "पण हाक मारणाऱ्या त्या नसतील, मावशी."

"ते मना कलतं गो," रंभा म्हणाली. तरी दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. कमळाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, आवाज मात्र आठवू गेलं की निसटायचा. मुलगा निकेश कामावरून आला तेव्हा तिने त्याला सांगून टाकलं, "मी हो म्हननार हाय."

रविवारी निकेशने तिला खारघरला नेलं. प्राचीने तिच्या कानांवर हेडफोन बसवले. कमळाचा आवाज आला, अगदी स्वच्छ, जवळ बसून गातेय असा. रंभाने डोळे मिटले. कमळाने ओळ सोडली आणि पुढे शांतता. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता.

रंभाने हेडफोन काढले. "मी कुठं हाय यात?"

प्राचीला आधी कळेना. मग तिने स्क्रीनवर पाहिलं आणि ती ओशाळली. "ही मशीनने साफ केलेली प्रत आहे. मुख्य आवाज ठेवून बाकीचा नॉईज काढलाय. नॉईज म्हणजे नको असलेला आवाज."

"मंग मी नको होते?"

"तसं नाही, मावशी. मशीनला सांगताना आम्हीच विचार केला नाही. थांबा, मूळ टेप लावते."

मूळ टेपवर खरखर होती. पोरं रडत होती, कुणीतरी पाणी मागत होतं, भांडं पडलं. त्यातून कमळाची ओळ आली आणि तिच्या पाठोपाठ एक कोवळा, घाईतला आवाज. रंभाने तो लगेच ओळखला नाही. मग गाणं मध्येच थांबलं आणि कमळा नुसती बोलली, गाण्यात नव्हे, घरात बोलायची तशी.

"रंभा, घाई नको करूस गो. नवरी अजून बसली नाय."

मागे बायका हसल्या. त्यात रंभाचंही हसू होतं.

रंभाने ती जागा पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. निकेश खिडकीशी जाऊन उभा राहिला. प्राची तेवढाच तुकडा लावत राहिली.

बऱ्याच वेळाने रंभा म्हणाली, "बाय, गानी लिवून ठेवायला मशीन वापरा. कुनाला शिकायची असतील तर शिकू दे. पन तिच्या आवाजात नवीन काय म्हनवू नका. तिला बोलायचं ते ती बोलून गेली."

प्राचीने तसं लिहून घेतलं. कोणतीही टेप साफ करण्याआधी घरच्यांना मूळ टेप ऐकवायची, अशी अटही तिने वरिष्ठांच्या मागे लागून नियमांत घालून घेतली. नॉईजचा अर्थ मात्र तिला अजून नीट लिहिता आलेला नाही.

मूळ टेप आता निकेशच्या जुन्या फोनवर आहे. दुपारी घर रिकामं झालं की रंभा गॅलरीत बसून ती ऐकते. हळदीचा धवळा अर्ध्यावर आला की टेप संपते. पुढची कडवी तिला आठवत नाहीत. कमळाला सगळी पाठ होती, म्हणून रंभाने कधी पाठ केलीच नाहीत. मशीनने ती कदाचित जुळवून दिली असती, कमळाच्याच आवाजात. कधीकधी ते मनात येतं आणि फोन हातात धरून ती नुसती बसून राहते. वरून विमान जातं. ते गेलं की ती टेप पुन्हा पहिल्यापासून लावते.