मर्झियाचा पाय

आमची सुनेत्रा कुणाला उलटून बोलेल, हे सांगूनही खरं वाटायचं नाही. हॅम्बर्गमध्ये अकरा वर्षं काढली, तरी बेकरीत चुकीचा पाव मिळाला की 'डांके' म्हणत आभार मानून तोच घरी आणणारी बाई.

२००४ साली एका संस्थेनं अफगाणिस्तानातली जखमी मुलं उपचारासाठी इथल्या इस्पितळात आणली. सुनेत्रा रोज दुपारी त्यांना भरवायला जायची. भांडवल काय, तर हिंदीतले चार शब्द त्यांना कळायचे आणि पायाला त्यांच्यातही 'पाय'च म्हणतात. मी चिडवायचे, "काय दुभाषीबाई!"

त्यांत सात वर्षांची मर्झिया होती. सुरुंगानं पायाचा चेंदामेंदा झालेला. शुक्रवारी ऑपरेशन होऊन प्लास्टर घातलं. रविवारी सुनेत्रा गेली, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, भाताला शिवेना.

"पाय?" सुनेत्रानं विचारलं.

"खूप," ती पुटपुटली. "खूप."

सुनेत्रा नर्सकडे धावली. नर्स म्हणाली, "पण ती रडतसुद्धा नाहीये. डॉक्टर उद्या बघतील."

"नाइन! नाही! येत्स्ट! आत्ताच्या आत्ता!" सुनेत्रा ओरडली आणि डॉक्टरला फोन लागेपर्यंत तिथून हलली नाही. आपलं चुकलं असलं तर काय, हे एकच मनात.

डॉक्टरनं पांघरूण काढलं. प्लास्टर आवळून पायाची बोटं निळी पडली होती. प्लास्टर तिथंच कापलं. आणखी उशीर झाला असता, तर पाय गेला होता.

मंगळवारी खरा दुभाषी आला. सुनेत्रानं त्याला सगळं सांगितलं. मर्झियाशी बोलून तो म्हणाला, "ती 'खूब' म्हणत होती. आमच्यात खूब म्हणजे छान. शेजारच्या मुलाचा पाय कापलेला पाहिला तिनं. दुखतं म्हटलं की कापतात, असं वाटलं तिला."

"म्हणजे मी चुकीचंच ऐकलं!" सुनेत्रा म्हणाली. मला मात्र अजून संताप येतो. सात वर्षांच्या पोरीनं दुखणं लपवायचं?

त्या दिवसापासून सुनेत्रानं तिला एकच मराठी शब्द घोकायला लावला, 'दुखतंय'. तो म्हटला की मावशी येते, कापत कुणी नाही.

मार्चमध्ये मुलं परत निघाली, जिथून आली तिथंच. विमानतळावर मर्झिया स्वतःच्या पायांनी चालत आली.

"पाय खूब?" सुनेत्रानं विचारलं.

"खूब," मर्झिया म्हणाली. मग तिनं सुनेत्राचा कोट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मावशी, दुखतंय."