आडवी बाटली

सांगलीत हळदीच्या बाजारामागं माझं फ्लेक्सचं दुकान आहे. चारपाच वर्षं माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता एक दारूचा वितरक. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या सोड्याची करायची. ते काम मला छान जमायचं. काचेवर ग्लिसरीनचे थेंब, मागून मधासारखा उजेड, हसणारे चार मित्र. आणि त्यांच्या गोलात एक जागा मोकळी ठेवायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, ती जागा आपलीच. बाटली मी कोपऱ्यातच ठेवायचे. विकायची असायची ती सोबत.

एके दिवशी माझी मामी दुकानात आली. साताऱ्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात तिचं गाव. पूर्वी मेंढरं होती, आता डाळिंबं आहेत. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी अर्ज केला होता आणि मतदान ठरलं होतं. मत फक्त बायकांनी द्यायचं. कागदावर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी घरी बसेल तिचं मत वायाच.

"मेढ्याकडं बायांनी केलंय, मग आमाला का न्हाई जमणार?" मामी म्हणाली. "तू फकस्त बोर्ड करून दे."

मी दोन दिवस खपून बोर्ड केला. भलीमोठी आडवी बाटली, वर लाल फुली. मामीनं तो बराच वेळ पाहिला.

"लय देखणी काढलीस गं. पडल्याली हाय, तरी उचलावीशी वाटतीया."

मी पाहिलं. थेंब, मधाळ उजेड, सगळं सवयीनं आलं होतं. मला शरम वाटली.

तिनं आणखी एक सांगितलं. दुकानवाल्याची माणसं म्हाताऱ्यांना गाठून पढवत होती, "बाईनं ताठ उभं ऱ्हायचं, म्हणून उभीवर शिक्का मारायचा." म्हाताऱ्यांना ते पटतही होतं. डावपेच माझ्याच धंद्यातला होता, आणि चांगला होता.

मी कॅमेरा घेऊन गावाला गेले. मामा फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. दिवेलागणीला मामीनं ताटं वाढली, सगळी जेवायला बसली. मामाचं ताट वाढलेलं, मामा दारूच्या दुकानावर. मी कुणालाच सरक म्हटलं नाही, हस म्हटलं नाही. होतं तसं टिपलं.

बोर्डावर तोच फोटो टाकला. खाली साध्या काळ्या रेघेत आडवी बाटली, अगदी मतपत्रिकेवर असेल तशी, आणि दोनच शब्द : हिला पाडा.

देवळासमोर बोर्ड लागला तेव्हा बायका थांबून बघायला लागल्या. एक म्हातारी फोटोतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो आमचा." शेजारची म्हणाली, "आमचाबी." त्यानंतर उभी का आडवी हे कुणाला समजावावं लागलं नाही. मामा मात्र माझ्यावर भडकला. "साऱ्या गावात माझी जागा दावलीस व्हय," एवढंच बोलला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मतदानाला शाळेच्या दारात सकाळपासून रांग. पुण्याला राहणाऱ्या सुना एसटीनं आल्या. दुकानवाल्याच्या चुलतीला लोकांनी खुर्चीवर बसवून आणलं, आणि बाहेर आल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पाडली."

दुपारनंतर मोजणी झाली. मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी दारात येऊन सांगितलं, निम्म्याच्या वर आडवी. मामीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. गुलाल कुणीतरी आधीच आणून ठेवला होता. हलगीच्या मागं आम्ही सगळ्या मधल्या रस्त्यानं निघालो, गावच्या बायका रोज मान खाली घालून जायच्या त्याच रस्त्यानं. दुकानाचं शटर ओढलेलं होतं. मामी पायरीवर चढली, वळून आमच्याकडं पाहिलं आणि पदरानं तोंडावरचा गुलाल पुसत म्हणाली, "चला गं, अजून खालची आळी फिरायची राह्यलीया."