लाइन सोडायची नाही

आमचे सर कुणाच्याही घरी पाणी प्यायच्या आधी विचारायचे, "हे कुठून येतं?" ओठ कोरडे पडलेले, तांब्या हातात आलेला, तरी आधी प्रश्न. विहिरीचं असेल तर विहीर कुठं, नळाचं असेल तर टाकी कुठं, आणि टाकीत कुठून चढतं. उत्तर मिळालं की मगच तांब्या तोंडाला. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईचा चेहरा पडला होता. तिला वाटलं, सर आपल्या घरचं पाणी घेत नाहीत की काय.

सर आयटीआयमध्ये केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड शिकवायचे. येडशीच्या पुढं माळावर ती खासगी संस्था होती. पत्र्याची शेड, वाऱ्यानं धडधडणारं दार आणि आत आमचा 'प्लांट'. प्लांट म्हणजे भंगारातून आणलेला एक रिअॅक्टर, औषधाचं रसायन शिजवायचं मोठं झाकणबंद भांडं, आणि त्याला जोडलेल्या पाइपा, ज्या भिंतीपर्यंत जाऊन तिथंच संपायच्या. एवढ्या भांडवलावर सर आम्हाला कारखाना शिकवत होते. आणि त्यांनी तो शिकवला, हे मी आजही नाकारणार नाही.

त्यांच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आवळलेली होती, निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी. तरुणपणी मुंबईकडच्या एका कारखान्यात काम करताना सोबतचा माणूस म्हणाला, "हीच लाइन, उघड." सरांनी व्हॉल्व्ह उघडला. ती लाइन दुसरीच होती. ही गोष्ट ते दर वर्षी पहिल्या दिवशी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "चूक त्याची न्हाय. सांगणारा चुकतोच. बघायचं काम माझं होतं. म्हणून सांगणारावर विश्वास ठेवू नका, पाइपवर ठेवा. टाकीपासून रिअॅक्टरपर्यंत चालत जा, हात लावत जा, मग व्हॉल्व्हला हात घाला."

पण संस्थेत चालत जावं अशी लाइनच नव्हती. त्यावर सरांनी काढलेला उपाय असा की दर वर्षी नव्या बॅचला ते माकणीला घेऊन यायचे आणि धरणावरून गावांना पाणी नेणाऱ्या पाइपलाइनवरून चालवायचे. कुठं ती जमिनीवर, कुठं जमिनीखाली. वर आली की प्रत्येकानं हात लावायचा. एकच नियम, काही झालं तरी लाइन सोडायची नाही. मध्ये बाभळी आल्या तर बाभळीतून, कुणाचा गोठा आला तर गोठ्यातून. आमच्या वर्षी भूमच्या शबानाची ओढणी काट्यात अडकली आणि ती ओरडली, "सर, थांबा हो!" सर मागं न बघता म्हणाले, "ओढणी सोड, लाइन सोडू नको."

माझं गाव माकणी. ती लाइन आमच्या दारावरूनच जाते, अंगणाच्या कुडाला लागून. त्यामुळं माझ्या वर्षापासून त्या चालण्यात आमच्या घरी चहाचा थांबा पडायला लागला. सर आले की विचारायचे, "आबा, पाणी कुठून येतं?" आणि माझे वडील हसून सांगायचे, "धरणातनं, सर. तुमच्याच लाइनीतनं."

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मामा धाराशिवला छापखान्यात कामाला होते. शाई फाकलेली, वाकडी छापलेली पत्रकं ते आणून द्यायचे आणि माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. 'जाहीर निषेध', 'आमच्या मागण्या मान्य करा', 'चलो कलेक्टर कचेरी'. सर हजेरीच्या आधी माझ्या वहीकडं वाकून बघायचे, "काय अश्विनी, आज कुणाचा निषेध?" वर्ग हसायचा. एकदा मात्र वर्गासमोर म्हणाले, "ही चांगली ऑपरेटर होणार. हिला शंका येतात." एवढं कौतुक मला तोवर कुणी केलं नव्हतं.

आयटीआय संपली की वर्षभर कारखान्यात शिकाऊ म्हणून राहायचं, असा मार्ग. कंपनी सोलापूरच्या पलीकडं, औषधांची कच्ची पावडर बनवणारी. आबांनी साफ नाही म्हटलं. "पोरीनं त्या रसायनात जायचं, तिथंच राहायचं, आन् लोक मला काय म्हणतील?" तेव्हा सर आमच्या घरी आले. घोंगडीवर बसले, पाण्याची चौकशी केली, पाणी प्याले आणि म्हणाले, "आबा, एक वर्ष काढू द्या. वर्षानं ती पर्मनंट होते. शब्द माझा."

 आबा माझ्याकडं बोट करून म्हणाले, "सरांचा शब्द म्हणून धाडतो. वर्षानं पक्की झालीस तर म्या कधी आडवा यायचा न्हाय. न्हाय झालीस तर घरी यायचं आन् म्या म्हणंन तिथं लगीन करायचं. कबूल?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. मी म्हणाले, "कबूल."

कंपनीत पर्मनंट माणसांची हेल्मेट निळी आणि शिकाऊंची पिवळी. माझ्याबरोबरच लागलेली शबाना कँटीनच्या काचेत बघून म्हणायची, "निळा रंग मला लई शोभतो गं." आम्ही तीनही शिफ्ट केल्या. रिअॅक्टरमध्ये माल भरला, तापमान सांभाळलं, यंत्रं धुतली. आणि दर वेळी व्हॉल्व्ह उघडायच्या आधी टाकीपासून चालत आलो. जुने ऑपरेटर ओरडायचे, "ए बाई, पाइपाची वरात काढली का?" एकदा मला दाखवलेली लाइन खरंच दुसऱ्या टाकीची निघाली. त्या दिवशी कुणी वरात म्हटलं नाही. संध्याकाळी मी सरांना फोन करून सांगितलं.  ते म्हणाले, "हात लावला होतास ना? मग बास." त्यांचा आवाज भरून आला होता. मला अजून तो आवाज आठवतो आणि त्याचाच जास्त राग येतो.

वर्ष संपलं त्या दिवशी ऑफिसातल्या साहेबांनी आम्हाला एकेकाला बोलावून प्रमाणपत्रं दिली, अभिनंदन केलं. मी विचारलं, "निळं हेल्मेट कधी मिळणार?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग हसून म्हणाले, "इथं शिकाऊंना ठेवत नाही आपण. कधीच नाही. तुमच्या सरांना माहीत आहे की. नव्या बॅचचं कालच बोलणं झालं त्यांच्याशी." त्यांच्या आवाजात काही दुष्टपणा नव्हता. कँटीनची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

कायद्याच्या भाषेत आम्ही शिकाऊ. शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे, म्हणून कामगाराचा हक्क आम्हाला नाही. पण शिफ्ट कामगाराची, घाम कामगाराचा आणि चूक झाली तर शिवीही कामगाराची. एक बॅच बाहेर पडते, तिच्या पिवळ्या हेल्मेटांत दुसरी बॅच डोकी घालते, आणि यालाच कौशल्य शिकवणं म्हणतात. कंपनीबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही. कंपन्या काय करतात हे मी वह्यांच्या कव्हरांवर लहानपणापासून वाचत आले होते. पण आमचे सर कुठल्याही कव्हरावर नव्हते.

परतीच्या एसटीत शबाना खिडकीबाहेर बघत बसली होती. धाराशिव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आपण सगळ्या लाइनी तपासल्या गं. सरांची तेवढी राहिली."

घरी मी सुट्टी आहे म्हणून सांगितलं. आबांना कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. आणि ते सुचायच्या आत सर आले, नवी बॅच घेऊन, लाइनवरून चालत. पोरांच्या पायांना धूळ, एका पोरीच्या बाहीला बाभळीचा काटा. आबांनी घोंगडी टाकली, आईनं चहा ठेवला.

"आबा, पाणी कुठून येतं?"

"धरणातनं, सर. तुमच्याच लाइनीतनं."

पोरं हसली. तेवढ्यात सरांना मी दारात दिसले.  ते पोरांकडं वळून म्हणाले, "ही अश्विनी. आपल्या ट्रेडची. कंपनीत आहे."

त्यांनी तेवढं वाक्य म्हटलं नसतं तर मी कदाचित आतच राहिले असते. मी म्हणाले, "होते, सर."

आबांच्या हातात कपबशा होत्या. "होते म्हंजी?"

"सगळ्यांना सोडलं, आबा. तिथं शिकाऊंना कधीच ठेवत नाहीत. आमच्या जागी आता पुढची बॅच जाणार, आणि तिच्या जागी ही पोरं."

 सरांनी हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे आज माझा निषेध." त्यावर कुणी हसलं नाही.

आबांनी कपबशा खाली ठेवल्या. "सर, तुमाला ठावं व्हतं?"

"कधी कधी ठेवतात, आबा."

"कुणाला ठेवलं?" मी विचारलं. "एक नाव सांगा, सर."

सर आपल्या डाव्या हातावरून उजवा हात फिरवत राहिले.  मग ते सरळ आबांशी बोलले, खालच्या आवाजात. "पोरं कुठं लागली असं दाखवलं न्हाय तर संस्था ट्रेड बंद करते. ट्रेड बंद पडला तर ही पोरं कुठं शिकणार? आणि आबा, मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही हिला पाठवली असती का?"

मला वाटलं, इथं सर जिंकले. कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. आबांनीही ते खोटं सांगितलं नाही.

"न्हाय पाठवली असती," ते म्हणाले. "मग ती माझ्यासंगं भांडली असती. लई भांडखोर हाय ती. भांडून गेली असती न्हाय तर हरून घरी बसली असती. पर सर, तिला भांडू तरी द्यायचं व्हतं."

सर उठले. चहा तसाच राहिला. पोरंही उठली. बाहीला काटा लागलेली ती पोरगी कुडापाशी रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, मग शिकू का नको?"

"शीक," मी म्हणाले. "त्यांच्याकडूनच शीक. त्यांच्यासारखं कुणी शिकवत नाही. फक्त पुढं काय आहे ते स्वतः जाऊन विचार. त्यांनी सांगितलं म्हणून जाऊ नको."

सरांनी ते ऐकलं. पाठमोरेच उभे होते. वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "ऐकलं का रे सगळ्यांनी? लिहून घ्या." आणि चालायला लागले. मला रडू आलं आणि त्या रडण्याचा संताप आला. फसवणाऱ्या माणसानं शेवटपर्यंत चांगलं शिकवत राहू नये.

लग्नाचं आबांनी त्या आठवड्यातच काढलं. कबूल म्हटलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी म्हणाले, ते कबूल खोट्या शब्दावर घेतलेलं होतं, म्हणून रद्द. आम्ही भांडलो. आई मध्ये पडली, तिच्याशीही भांडले, आणि लग्न मागं पडलं. आज मी दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून काम करते. पर्मनंट अजून नाही. पण इथं काय मिळणार आणि काय नाही, ते सही करायच्या आधी मी विचारलं होतं. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी अजूनही टाकीपासून चालत येते. कुणी शिकवलं, असं नवे विचारतात. मी सांगते, आमचे एक सर होते.

ते अजून आहेत. ट्रेडही चालू आहे. दर वर्षी नवी बॅच घेऊन ते माकणीला येतात, धरणापासून लाइनवर चालतात, बाभळीतून, गोठ्यातून. मात्र आमचं घर दिसायला लागलं की पोरांना लाइनवरून खाली उतरवतात, रस्त्यानं वळसा घालून नेतात आणि घर मागं पडलं की पुन्हा लाइनवर घेतात.

यंदा मी सुट्टीवर घरी होते. आबा दारात उभे राहून कपाळावर हात धरून बघत होते. घोंगडी त्यांनी टाकून ठेवली होती. ती पोरांची रांग रस्त्याकडं वळली तेव्हा ते मला म्हणाले, "अश्विनी, तुझे सर लाइन सोडून चालले बघ."