डाव्या स्पीकरसाठी तीनशे किलोमीटर

आमच्या घरातला डावा स्पीकर गेल्या वर्षभरापासून आजारी होता. म्हणजे असं माझं मत. बायकोचं, सुनंदाचं, मत असं की स्पीकर ठणठणीत आहे, आजारी माझा डावा कान आहे. मी वायरी बदलल्या, स्पीकर बदलले, खोलीला जाड पडदे लावले, मग काढले, सोफा हातभर पुढे सरकवला. तरी गाणं उजवीकडेच झुकायचं. आता संशयित एकच उरला होता, अ‍ॅम्प्लिफायर.

शेवटी सुनंदानं अट घातली. "तुमी पाह्यजे तिथून पाह्यजे तो अ‍ॅम्प्लिफायर घ्या. तीन मशिनी आयका. तिन्हीवर डावी बाजू कमीच वाजली, तं मुकाट्यानं कानाच्या डॉक्टरकडे चलायचं. मंजूर?"

मंजूर म्हणालो. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. आठवीच्या पोरांना ध्वनीचा धडा इतकी वर्षं शिकवला की माझा कान बिघडणं मला बेकायदेशीरच वाटत होतं. पण खरं सांगतो, आत भीती होती. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षं ऐकू येत नसे. पंगतीत सगळे हसले की तेही हसायचे, जरा उशिरानं, आमची तोंडं बघून. तसं हसायची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी मी एका निर्जीव यंत्रावर आरोप ठेवून वर्ष काढलं.

तर मंडळी, जुन्या स्टिरिओच्या शोधात यवतमाळ जिल्ह्यात फिरायचं असेल तर आमचा मार्ग टिपून घ्या. यवतमाळहून बाभुळगाव, तिथून कळंब, राळेगाव, वडकी, करंजी करत वणी. वणीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी राजूर, मग मुकुटबनवरून झरी जामणीकडे, आणि पाटणबोरी-पांढरकवड्यावरून परत. सगळे मिळून तीनशेच्या आसपास किलोमीटर. डिक्कीत माझे दोन छोटे स्पीकर, वायरीचं भेंडोळं आणि सुनंदानं घेतलेला मुरमुऱ्यांचा चिवडा. नवीन यंत्र दुकानातून का नाही घेतलं, असं विचाराल. कारण मी त्या जमातीतला आहे जी यंत्राची प्रत वजनावर ठरवते. जुना जपानी रिसीव्हर, म्हणजे रेडिओसकट अ‍ॅम्प्लिफायर, उचलताना कंबरेत कळ आली की आम्हाला आवाज उत्तम वाटायला लागतो.

सकाळी सातला निघालो. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरपूर आणि कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. घाईनं गाडी हाकू नका. बाभुळगावात स्टँडजवळ आलूबोंडा घ्या, वरून तर्री मागा, दोघांचं शंभराच्या आत भागतं.

पहिलं यंत्र तिथल्याच देवानंदभाऊंचं, विकायचं आहे असं फोनवर कळलेलं. कापूस-तुरीची शेती, घर मोठं, बोलणं त्याहून मोकळं. मी घरात इकडेतिकडे पाहू लागलो तर म्हणाले, "रिसीव्हर घरी नाही सर, वावरात हाय."

वावरात? त्या यंत्रासाठी माझ्यासारखे लोक जीव टाकतात!

"मंग काय करता, रोही अन् डुकरं लय माजले. मचानावर दोन भोंगे लावले अन् याच्यावर वाघाची डरकाळी लावतो. पयले आठ दिवस पयाले. आता तुरीत उभं राहून चरता चरता आयकतात."

यंत्र वावरातून आणलं, पुसलं, ओसरीत माझे स्पीकर जोडले. जुनं यंत्र तपासायची रीत सांगून ठेवतो. आधी गाणं न लावता आवाजाचं बटण हळूहळू शेवटपर्यंत फिरवा. खरखर आली तर बटण घाण झालेलं आहे, घुं असा आवाज आला तर आतले कपॅसिटर दमलेत. मागच्या पट्टीवर किती ओमचे स्पीकर चालतात ते लिहिलेलं असतं, ते वाचा. मग अर्धा तास वाजवून वर हात ठेवा, कोमट चालेल, चटका नको. हे सगळं त्या यंत्रानं पार केलं. मग मी डोळे मिटले, कारण जाणकार डोळे मिटून ऐकतात.

"डावीकडून कमी येऊन राह्यलं," मी म्हणालो.

देवानंदभाऊ म्हणाले, "सर, बरोबर तं वाजून राह्यलं."

"तुमचा कान अजून तयार नाही झाला," मी म्हणालो. ज्याच्याकडे चहा प्यायलो, त्याच्याच ओसरीत बसून हे मी म्हणालो. ते बिचारे "असंन सर" म्हणाले आणि मी धूळ, पाली, वावरातला दमटपणा यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. गाडीत बसताना सुनंदानं एक बोट वर केलं.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. मी काय मागितलं ते सांगत नाही. करंजीपर्यंत रस्ता छान, पुढे मारेगाव-वणी पट्ट्यात कोळशाचे ट्रक सुरू होतात, तेव्हा काचा वर करा. वणीत लॉज साधं पण स्वच्छ मिळालं. जेवणात भरली वांगी आणि ज्वारीची भाकर, तिखट सांगून कमी करून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूर. इथे झाडांची पानंसुद्धा काळपट. हमीदभाई कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचा रिसीव्हर पाहून मी हळवाच झालो. वर क्रोशाचा रुमाल, बटणं चकाकणारी, पुढच्या काचेत हिरवा दिवा. मी नमस्कार केला तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "रुको मास्टरजी, पहले कान लगा लूँ." खिशातली डबी काढली, त्यातून कानाचं मशीन काढून चष्मा लावावा तितक्या सहज लावलं. माझी नजर त्यावरून हलेना.

यंत्र वाजवलं. डावीकडे कमी.

"इसका बाया चॅनेल गया है," मी निकाल दिला.

"अच्छा? मेरे को तो दोनो बराबर आते."

म्हणजे कानाला मशीन लावलेल्या माणसाला मी सांगत होतो की तुला नीट ऐकू येत नाही. माझ्या निर्लज्जपणाची ही पातळी मलाच नवीन होती. हमीदभाई रागावले नाहीत. माझ्याकडे जरा वेळ पाहून म्हणाले, "डरने का नहीं मास्टरजी. मैंने भी डर डर के चार साल निकाले. उन चार साल में घरवालों ने क्या क्या बोला होगा, वो अब कोई मशीन नहीं सुनाता."

मी उशीर होतो आहे असं सांगून उठलो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. सुनंदानं दोन बोटं वर केली.

वणीत पेट्रोल भरून घ्या, कारण मुकुटबनच्या पुढे सागाचं जंगल आणि अरुंद रस्ता, मोबाइलचा नकाशा मध्येच मुका होतो. आम्ही दोनदा चुकलो. शेवटी एका गुराख्याला विचारत परसराम आडेंच्या बंजारा तांड्यावर पोचलो. परसरामभाऊ स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बांधतात. घर शेवटचं, पडवीत सोल्डरिंगचा वास, सागवानी पेटीत बसवलेलं नवं कोरं यंत्र. उचलून पाहिलं. कंबरेत कळ आली. हेच घ्यायचं, मी मनात ठरवलं.

मी मोबाइलवरची माझी खास गाणी काढली तर ते म्हणाले, "ते ठेवा सर. आमच्या इथं टेस्टिंग लेंगीवर होते."

होळीला तांड्यातल्या बाया गोल धरून नाचत गातात, ती लेंगी. परसरामभाऊंनी एका होळीला त्या रिंगणाच्या मधोमध दोन माइक उभे केले होते. "कोनती बाई कवा कुठून कुठं गेली, मले तोंडपाठ हाय. मशीन जरा खोटं बोललं की रिंगण मोडते. तुमी डोळे मिटा अन् बाया जातात तसं बोट फिरवा."

स्टुलावर बसलो. डफ वाजला, आवाज उजवीकडून उठले, सरकत समोर आले. काय सुंदर वाजत होतं! मी बोट फिरवत गेलो. समोरून पुढे आवाज बारीक झाले, भिंतीआड गेल्यासारखे, आणि परत उजवीकडेच उगवले. माझं बोट नाकासमोर अधांतरी. दारात जमलेल्या बाया हसायला लागल्या. परसरामभाऊंची याडी, म्हणजे आई, त्या रिंगणात होती. ती म्हणाली, "मी तिकडं गेली ना मास्तर, बोट इकडंच काहून?"

"डावा चॅनेल," मी चाचरत म्हणालो.

परसरामभाऊंनी वाद घातला नाही. मागे जाऊन स्पीकरच्या दोन्ही वायरी उलटसुलट केल्या. आता बाया उलट्या फिरू लागल्या, पण हरवल्या डावीकडेच. मग ते म्हणाले, "सर, आता तुमी फिरा."

मी पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. आणि आत्तापर्यंत जी बाजू दणदणीत वाजत होती, ती गेली. ज्या डाव्या बाजूवर मी वर्षभराचा राग काढत होतो, ती आता उजव्या कानाशी आली होती आणि तिथूनच बाया खणखणीत गात होत्या.

"मशीन तं तेच हाय सर," ते हळूच म्हणाले.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, हे मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. मी स्वतः सोडून घरातली प्रत्येक गोष्ट बदलून पाहिली होती. मी भिंतीकडे तोंड करून तसाच बसून राहिलो. लेंगी संपली. या वेळी सुनंदानं बोटं वर केली नाहीत, ती येऊन माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली.

परसरामभाऊंनी यंत्र विकायला नकार दिला. "आधी कान दाखवा, मंग घ्या. आता घेसान तं बटनं फिरवून फिरवून त्याचीच वाट लावसान." याडीनं गरम बाटी, म्हणजे ज्वारीची भाकर, आणि ठेचा वाढला. पैसे विचारले तर रागावली. मी खाली मान घालून तीन खाल्ल्या.

पांढरकवड्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मला हमीदभाईंचं बोलणं सुटत नव्हतं. सुनंदाला विचारलं, "वर्षभर तू जे बोलली, त्यातलं मले किती आयकू आलं असंन?"

ती कपाकडे पाहत म्हणाली, "म्या सांगणंच सोडलं व्हतं. गॅस संपला, दूधवाला आला, एवढं कामाचं सांगो. बाकीचं काय, तीन तीन खेपा वरडून सांगायसारखं नसते ना."

मला रडू आलं. चहावाल्यानं गुपचूप पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

यवतमाळात डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाची नस कमजोर झालेली. गेलेलं परत येणार नाही, मशीन लावा, आणि लवकर यायला हवं होतं, हेही म्हणाले. पंधरा दिवसांनी मशीन आलं. पहिले दोन दिवस भांडी, पंखा आणि स्वतःचं चावणं ऐकून जीव नकोसा झाला. तुम्ही रिसीव्हर घ्यायला निघणार असाल तर वॅट, ओम, वजन सगळं बघाच, पण आधी एकदा पाठ फिरवून बसा. माझा अ‍ॅम्प्लिफायर अजून आलेला नाही. परसरामभाऊ तो बांधून देणार आहेत, त्यांचा फोन येतो, मी घाई करत नाही.

परवा दुपारी सुनंदा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "काही सांग ना."

"काय सांगू?"

"बिनकामाचं."

ती आधी लाजली. मग शेजारच्यांच्या पपईवरून सुरू झाली, बहिणीच्या नव्या सुनेवर गेली, तिथून भिशीतल्या भांडणावर. मी हसत होतो, वेळेवर. बोलता बोलता ती म्हणाली, उन्हाळ्यात तिची शाळेतली मैत्रीण वारली, कुसुम.

"मले नाही सांगितलं?"

"सांगितलं व्हतं," ती शेंग सोलत म्हणाली. "तुमी हो म्हणले अन् गाणं लावलं."

 मी टोपली मध्ये ओढली, एक शेंग उचलली आणि म्हणालो, "कुसुमचं सांग. पयल्यापासून."