देवघरातला प्लग

ज्या हातांनी मी स्मार्ट मीटरच्या विरोधात पत्रकं वाटली, त्याच हातांनी आईच्या घरात स्मार्ट प्लग बसवला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शोधून काढायला नको.

आई अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका गल्लीत एकटी राहते. निवृत्त शिक्षिका. मी अमरावतीत ग्राहकांच्या तक्रारी लढवणाऱ्या एका छोट्या गटात काम करते आणि दादा पुण्यात असतो. यंदा होळी झाल्यावर आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. साखर उतरली होती. बराच वेळ ती तशीच पडून होती आणि आम्हा दोघांना पत्ताही नव्हता. दादाने फोनवरच निकाल लावला.

"मिरगाच्या आधी मी येतो आणि तिला घेऊन जातो. तोवर ती रोज ठीक आहे हे तू मला दाखवू शकलीस, तर पुढचं बोलू."

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पुण्यात मी काय करू? गॅलरीत बसून दुसऱ्याच्या गॅलरीकडे पाहू?"

म्हणजे मामला सरळ होता. आई तिच्या घरात राहणार की नाही, हे आता मी विकत आणलेल्या चार डब्यांवर ठरणार होतं.

कॅमेऱ्याला तिने दारातच अडवलं. "मीटर लोकाईवर पाळत ठेवते म्हणून तू पत्रकं काढतं, अन् मायवर कॅमेरा लावतं?" मी कॅमेरा परत पिशवीत घातला. सभांमध्ये मी सहसा अशी माघार घेत नाही.

मग कॅमेऱ्याशिवायच्या वस्तू शोधायला लागले. अमरावतीच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, सगळं सगळ्याशी बोलते." साफ खोटं. हालचाल ओळखणारा सेन्सर एका कंपनीचा, दाराचा दुसरीचा, प्लग तिसरीचा. तिघांचे तीन ॲप आणि तिघांची एकमेकांशी बोलचाल बंद. प्रत्येकाला माझी जन्मतारीख हवी, मी कुठे आहे ते हवं, माझ्या फोनमधले सगळे नंबर हवेत. दिवा लावायला माझ्या मावशीचा नंबर कशाला पाहिजे? राऊटर दोन प्रकारचं वायफाय सोडतो आणि प्लगला त्यातलं जुनं, संथ वायफायच चालतं, हे डब्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं. आमच्या पत्रकात इतकं बारीक अक्षर कोणी टाकलं असतं तर मी ते पत्रक फाडलं असतं.

भांडून सगळं परत केलं आणि स्वतःचे नियम ठरवले. नेट गेलं तरी वस्तू हाताने चालली पाहिजे. वीज परत आली की तिने आपणहून कामाला लागलं पाहिजे, आईला काही दाबायला लागू नये. आणि आता बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा मान्य केली आहे, तिचं चिन्ह डब्यावर असेल तरच घ्यायचं. या तीन चाळण्यांतून दुकानातला निम्म्याहून जास्त माल गळून पडला. उरल्यातला एक हालचालीचा सेन्सर घेतला, एक प्लग आणि दोघांना जोडणारा छोटा हब. एका ॲपमध्ये दोघं गुपचूप नांदायला लागले. सेन्सर मी मधल्या खोलीत लावला, कारण घरात कुठेही जायचं तर मधल्या खोलीतूनच जावं लागतं.

इथेच मी माती खाल्ली.

पहिले काही दिवस छान गेले. नंतर एके दिवशी सकाळपासून ॲपवर हालचालच हालचाल. मी खुशीत दादाला ॲपचे फोटो पाठवत राहिले. त्याने लिहिलं, "आईची तब्येत एकदम ठणठणीत दिसते." संध्याकाळी आईला फोन केला.

"एवढी धावपळ कशाची चालू आहे आज?"

"कायची धावपळ? मी तं बाळापूरले आहो, मावशीकडे. सकायच्या यष्टीनं आली."

"मग घरात कोण आहे?"

"कोण म्हणजे? गल्ली. आज कुरडया होत्या."

त्या गल्लीत आमची गच्ची सगळ्यात मोठी. दर उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंडे, सगळ्यांचं सगळं आमच्याच गच्चीवर वाळतं आणि गच्चीचा जिना मधल्या खोलीतून जातो. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. मी त्याच घरात वाढले, त्याच कुरडया राखत कावळे हाकलले, आणि सेन्सर लावताना मात्र कंपनीच्या जाहिरातीतलं घर डोक्यात ठेवलं, एक माणूस आणि एक बंद दार.

दादा आधी खूप हसला. मग म्हणाला, "त्या दिवशी आई आत पडली असती, तरी तुझं ॲप मला ठणठणीतच सांगत बसलं असतं." 

मी अकोल्याला गेले आणि घरभर फिरत एकच गोष्ट शोधत बसले, जिला आईशिवाय कोणीच हात लावत नाही. चहा काकूही ठेवतात. कूलर कोणीही लावतं. टीव्ही तर अर्ध्या गल्लीचा. शेवटी देवघरापाशी थांबले. तिथला छोटा विजेचा दिवा आई आंघोळ झाल्यावर लावते आणि दुसऱ्याच्या देवघराला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. प्लग तिथे बसवला. भिंतीवरच्या बटनावर चिकटपट्टी लावली आणि आईला सांगितलं, आता बटन हे, प्लगवरचं.

"देवाले वायफाय," आई म्हणाली. "आता त्यालेही तुमचे मेसेज येतीन का?"

पण तिने रोज दिवा लावला. रोज सकाळी माझ्या आणि दादाच्या फोनवर त्याची खूण यायची. सेन्सर काढून टाकला.

मग एका दुपारी, मी पत्रकाचं प्रूफ तपासत असताना, ॲपवर अक्षरं उमटली, ऑफलाइन. प्लग आणि हब, दोन्ही. आईचा फोन बंद. काकूंचा फोन बंद. वीज गेली, नेट गेलं की आईला काही झालं, यातलं काय ते सांगायची तसदी त्या ॲपने घेतली नाही. मी बडनेऱ्याच्या स्टेशनवर रिक्षाने गेले आणि मिळेल त्या गाडीत शिरले. मूर्तिजापूर येईपर्यंत कंपनीच्या नावाने एक अख्खं पत्रक मनात लिहून झालं होतं आणि त्यातला एक शब्दही छापण्यासारखा नव्हता.

घराचं दार सताड उघडं. आत अंधुक उजेडात आई आणि काकू कुरडयांचे डबे भरत बसलेल्या.

"काहून आलं अशा पाण्यावाऱ्याचं?" आई म्हणाली.

"फोन काहून बंद आहे तुझा?"

"आभाय कडकून राहिलं होतं ना. मेन पाडला, इन्व्हर्टर बंद केला, फोनही बंद केला. लहानपणापासून पाहून राहिली तू."

पाहत आले होते खरंच. आभाळ कडकलं की आमच्या गल्लीत सगळ्यांचे मेन स्विच खाली येतात. तेवढ्यात दादाचा फोन आला. ऑफलाइन त्यालाही दिसलं होतं. "बस झालं आता," तो म्हणाला. "मी तिकीट काढतोय. तिचंही."

आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"आइक. मी दिवा लावला विझवला की तुमाले दिसते ना? मंग मेन पाडायच्या आधी मी दोनदा लावीन, दोनदा विझवीन. तसं झालं तं समजा, मीच बंद केलं. तसं न होता बंद झालं, तं मंग पयत या दोघंही."

मी हात लांबवून स्पीकर सुरू केला. मग दादा म्हणाला, "आणि विसरलीस तर?"

"तीस वर्षं पोराईची हजेरी घेतली मी. तुमची दोघाईची नाई घेता येणार?"

मिरगाच्या आधी दादा आलाच, आईसाठी मोठी रिकामी सुटकेस घेऊन. त्याची गाडी शेगावच्या आसपास असताना अकोल्यात आभाळ कडकलं. तो घरात शिरला तेव्हा मेन खालीच होता. बूट काढता काढता म्हणाला, "दिसलं मला गाडीत. दोनदा." बाकी तो विषय त्याने काढला नाही. दिवाळीपर्यंत पाहू, असं जाताना माझ्याशी बोलला. सुटकेस कुरडया-पापडांनी भरून गेली.

मला मात्र चैन नाही. माझी आई रोज कधी आंघोळ करते, हे आता कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रात साठत असेल. यावर पत्रक काढायला हवं आणि ते मलाच लिहावं लागणार. आत्ता समोर कोरा कागद आहे, बाजूला चहा निवतो आहे आणि फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवला आहे. देवघरातला दिवा अजून लागलेला नाही. आज डोक्यावरून न्हाणार असेल. मी पाहून राहिली.